केळीची बाग रेंडर करायची असेल तर

ग्राफिक्सचा प्रोजेक्ट घेतला की बहुतेक ग्रुप पहिले दोन महिने मॉडेल सजवण्यात घालवतात आणि रेंडरला (मॉडेलवरून अंतिम चित्रं काढायला) शेवटचा आठवडा ठेवतात. हिशोब उलट्या बाजूने सुरू करा. समजा, रावेर-यावलकडची केळीची बाग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभी करायची आहे आणि २० सेकंद कॅमेरा तिच्यातून फिरवायचा आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ४८० फ्रेम. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये एका फ्रेमला ६ मिनिटं लागली, तर सलग ४८ तास. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो आणि ६ मिनिटांची ९ होतात. रात्री ११ ते सकाळी ६ एवढंच रेंडर धरलं आणि फ्रेम ६ मिनिटांतच झाली तर रात्रीला ७० फ्रेम, म्हणजे सात रात्री. हा आकडा झेपत नसेल तर शॉट आत्ताच १० सेकंदांचा करा.

आता बाग. ५ बाय ५ फुटांची लागवड धरली तर एकरात साधारण १७४० झाडं. थ्रीडी मॉडेल त्रिकोणांचं बनतं; एका झाडाचे ८००० त्रिकोण धरले तर १ कोटी ३९ लाखांच्या पुढे जातात. झाडं साधी कॉपी केली तर मेमरी तिथंच संपू शकते. चारच वेगवेगळी झाडं बनवा आणि बाकी सगळी त्यांची इन्स्टन्स (मूळ झाडाकडे बोट दाखवणाऱ्या नकला) ठेवा. फिरवण्याचा कोन आणि उंची थोडी थोडी बदला. मूळ जाळी (त्रिकोणांचा सांगाडा) मेमरीत एकदाच राहते. टेक्श्चरवरही (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रावर) लक्ष असू द्या: ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र चार चॅनेलला ६४ एमबी खातं, २०४८ चं १६. मागच्या रांगेतल्या खोडाला ४के कशाला?

सगळ्यात जास्त वेळ पानात जातो. केळीचं पान वाऱ्याने चिरफाळलेलं असतं. त्या चिरा अल्फा टेक्श्चरने (कुठला भाग पारदर्शक ते सांगणाऱ्या चित्राने) दाखवल्या तर प्रत्येक पारदर्शक भागातून किरण पुढे न्यावा लागतो. दाट बागेत पारदर्शक बाउन्सची (किरण किती पारदर्शक थर ओलांडेल याची) मर्यादा संपते आणि पानांत काळे डाग दिसतात. चिरा जाळीतच कापा. त्रिकोण वाढतील, पण वेळ वाचेल. पान उन्हाच्या विरुद्ध बाजूने पिवळसर हिरवं उजळतं, त्यासाठी डिफ्यूज (प्रकाश पृष्ठभागावरून विखुरणारा) शेडरमध्ये ट्रान्सल्यूसंट (प्रकाश आरपार झिरपू देणारा) मिसळा. नुसत्या डिफ्यूजने बाग प्लॅस्टिकची वाटते. सूर्याच्या दिव्याचा कोन, म्हणजे आकाशात दिसणारी त्याची रुंदी, ०.५३ अंश ठेवा.

वाऱ्याची हालचाल चारही मूळ झाडांना वेगवेगळ्या वेळी सुरू करून द्या, नाहीतर अख्खी बाग पी.टी.च्या तासासारखी एका तालात डुलते.

नॉइज (चित्रातले दाणे) निम्मा करायला सॅम्पल (दर पिक्सेलमागचे किरण) चौपट लागतात, म्हणून सगळे दाणे पुसणाऱ्या डीनॉइझरकडे धावतात. एका फ्रेमला तो छान दिसतो; अॅनिमेशनमध्ये मात्र तो प्रत्येक फ्रेमचा अंदाज वेगळा लावतो आणि पानांवर डाग लुकलुकतात. सॅम्पल फार खाली नेऊ नका आणि डीनॉइझरला अल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) व नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) दोन्ही द्या. आधी सलग १० फ्रेम चालवून बघा. एका फ्रेमवरून काही कळत नाही.

थेट व्हिडिओ फाइल कधीच काढू नका. लाइट गेली की सगळी फाइल जाते. पीएनजी फ्रेम काढा, ओव्हरराइट (असलेल्या फाइलवर पुन्हा लिहिणं) बंद ठेवा. पुन्हा सुरू केलं की राहिलेल्याच फ्रेम होतात. प्लेसहोल्डर (रेंडर सुरू होताच फ्रेमच्या नावाची रिकामी फाइल बनवणं) चालू असेल तर लाइट गेली त्या क्षणाची फ्रेम शून्य बाइटची पडून राहते, आणि पुढच्या वेळी ब्लेंडर ती झालेली समजून सोडून देतो. फाइलचा आकार बघून ती हाताने उडवा.

व्हायवाला परीक्षक विचारतात, "यात तुम्ही स्वतः काय लिहिलं?" ब्लेंडरची बटणं हे त्याचं उत्तर होत नाही. सोबत सी प्लस प्लसमध्ये छोटा रे ट्रेसर (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणारा प्रोग्रॅम) लिहा: गोल, जमीन, त्रिकोण, एक दिवा, चित्र पीपीएम या साध्या चित्र-फाइलमध्ये. दोन जागी हमखास अडतं. पृष्ठभागावर काळे ठिपके आले तर सावलीचा किरण स्वतःच्याच पृष्ठभागाला धडकतोय. छेदाचं किमान अंतर शून्याऐवजी ०.००१ घ्या. चित्र उगाच काळपट दिसलं तर रंग लिहिण्याआधी गॅमा (पडद्यासाठीची उजेडाची दुरुस्ती) लावायचा राहिलाय, प्रत्येक रंगाच्या किमतीचा १/२.२ घात घ्या. काजियाचं १९८६ चं रेंडरिंग समीकरण (एखाद्या बिंदूवरून किती प्रकाश निघतो ते सांगणारं) फळ्यावर मांडता आलं आणि त्यातलं कुठलं पद तुमच्या कोडमध्ये नाही हे दाखवता आलं, तर पुढचे प्रश्न सोपे जातात.

फ्रेम एफएफएमपेग या व्हिडिओ टूलने जोडताना पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत) वाययूव्ही ४२०पी (yuv420p) निवडा. नाहीतर घरी चालणारा व्हिडिओ लॅबच्या जुन्या प्लेअरवर उघडत नाही.