स्वतःला बोल लावायची सवय वहीत कशी पकडावी

गणपतीला चाकरमानी गावी आले की तुलना सुरू होते. त्यांचा मुंबईतला फ्लॅट, आणि आपल्या आंब्याचा मोहोर तुडतुडे किडीने नासवलेला. 'माझ्याच्यानं काही होत नाही' हे वाक्य तिथेच रुजतं. 'फवारणीला उशीर केला' ही अपराधाची जाणीव. ती दुरुस्तीकडे नेते. 'मीच नालायक' ही शरम. ती माणसाला लपवते, लपल्यावर कोणी भेटत नाही, आणि तोच पुरावा वाटू लागतो.

वहीच्या पानावर चार रकाने आखा: काय घडलं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, भावना आणि तिचा जोर 0 ते 100, शेवटी वाक्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे. मग खाली पटेल असं नवं वाक्य लिहून जोर पुन्हा मोजा. 80 चा 55 झाला तरी पुष्कळ. दहा मिनिटं, त्याच दिवशी; अंथरुणात मात्र नको, तिथे विचार चघळले जातात.

बहुतेकांचं चुकतं ते नव्या वाक्यात. 'मी सर्वोत्तम बागायतदार' असलं काही मन मानत नाही. शेजाऱ्याची बाग गेली असती तर त्याला काय म्हटलं असतं, तेच लिहा. (मालवणी शिव्या वगळून.)

उदासी, झोप-भूक बिघडणं दोन आठवडे टिकलं तर वही पुरत नाही. 14416 वर टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी, मोफत, चोवीस तास. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मरणाचे विचार आले तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि फोन लावा.