कोऱ्या कॅसेटचं मूळ वेष्टन कसं जपायचं

जुनं कपाट आवरताना सीलबंद कोरी कॅसेट हाती लागली, की आपलं नख आपोआप त्या बारीक फाडपट्टीचं टोक शोधायला लागतं. त्या नखाला जरा आवरा.

भरलेल्या कॅसेटमध्ये निदान कुणाचा तरी आवाज असतो. कोरीत ऐकायला काहीच नाही. ती किती मिनिटांची, टेप कुठल्या प्रकारची, साधारण कुठल्या काळातली, तिच्याबद्दल तेव्हा काय काय दावे केले होते, हे सगळं वेष्टनच सांगतं. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट आणली. पुढची काही दशकं टीडीके, मॅक्सेल, सोनी, बीएएसएफ या कंपन्या त्याच नावाची कॅसेट दर थोड्या वर्षांनी नव्या रूपात आणत राहिल्या. त्यात बऱ्याच कॅसेट्सवरचा तो ठळक ९० चा आकडा आणि रंगीत पट्टे छापलेले असतात बाहेरच्या प्लास्टिकवर. आतलं कार्ड त्यामानाने साधंच असतं. प्लास्टिक फाडलं, की अर्धं डिझाइन कचऱ्यात गेलं.

आधी हातात काय आहे ते ओळखा

एका कॅसेटच्या वेष्टनात चार-पाच वस्तू असतात: बाहेरचं पातळ प्लास्टिक, बिजागरीची पारदर्शक डबी, घडीचं इनले कार्ड (डबीच्या आत बसणारं छापील कार्ड), ए आणि बी बाजूला चिकटवायच्या लेबलांचा कागद, आणि तीन, पाच किंवा दहाचा संच असेल तर त्याचं वेगळं वेष्टन. प्रत्येकाचं दुखणं निराळं, म्हणून औषधही निराळं.

सगळ्यात नाजूक ते बाहेरचं प्लास्टिक. त्याचे मुख्यतः दोन प्रकार. पहिल्यात दोन्ही टोकांना पाकिटासारख्या नेटक्या घड्या दिसतात, पत्त्यांच्या नव्या कॅटवर असतात तशा, आणि एक फाडपट्टी असते. हे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि बऱ्यापैकी टिकतं. दुसरा प्रकार गरम करून आवळलेला, म्हणजे श्रिंक रॅप. त्याला घड्या नसतात. एका कडेला वितळवून जोडलेली शिवण असते, कधी हवा जाण्यासाठी टाचणीएवढी भोकं असतात, आणि कोपऱ्यांवर ते ताणून बसलेलं असतं. ऊब लागली की ते आणखी आवळतं. आत कागदी खोका असेल तर त्याचे कोपरे दुमडतात. डबी आधीच तडकलेली असेल तर तडा वाढतो. श्रिंक रॅप पीव्हीसीचं असेल तर वर्षांनुवर्षांनी ते पिवळं पडतं, चिकट होतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हात लावण्याआधी फोटो

साफसफाईच्या आधी सहाही बाजूंचे फोटो काढा. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागची बारीक अक्षरं चुकवू नका, काळ ठरवायला तीच कामी येतात. बारकोड दिसला तर कॅसेट बहुधा १९७४ च्या आधीची नाही, कारण दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो त्या वर्षी. ‘१२० मायक्रोसेकंद’ किंवा ‘७० मायक्रोसेकंद’ असं छापलेलं असेल तर पहिलीतली टेप साधी फेरिक, म्हणजे लोह-ऑक्साइडची, दुसरीतली क्रोम किंवा मेटलच्या घराण्यातली. चकचकीत प्लास्टिकवर फ्लॅश मारू नका, नुसता पांढरा डाग येतो. खिडकीच्या बाजूचा मंद उजेड पुरतो.

धूळ काढणं

कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुंकणीचा फुगा आणि रंगकामाचा मऊ, कोरा ब्रश, एवढीच हत्यारं. आधी फुंकर, मग ब्रश. उलट केलंत तर धुळीतले कण प्लास्टिकवर घासून चरे पडतात. सीलबंद कॅसेटला पाणी लावायचं नाही. घडीच्या फटीतून थेंब आत शिरला की बाहेर यायला वाट नसते, आणि कार्डावर कायमचा लाटेसारखा डाग पडतो.

उघड्या कॅसेटची डबी मात्र खुशाल धुवा. कॅसेट, कार्ड, लेबलं बाहेर काढायची, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकेच चोळायचं आणि सावलीत वाळवायचं. झाकण बिजागरीतून काढायचा मोह टाळा. त्या दोन इवल्याशा खुंट्या जुन्या प्लास्टिकमध्ये टचकन मोडतात.

किमतीचं स्टिकर: इथेच जास्त नुकसान होतं

माझं मत विचाराल तर स्टिकर राहू द्या. कुठल्या काळात, काय भावाने ही वस्तू विकली गेली याचा तो पुरावा आहे. पण खाली महत्त्वाचा मजकूर झाकला गेला असेल, किंवा तुम्हाला ते बघवतच नसेल, तर आधी डबी कशाची आहे ते समजून घ्या. बहुतेक पारदर्शक डब्या पॉलिस्टायरिनच्या असतात. हे प्लास्टिक काचेसारखं स्वच्छ, पण रसायनांपुढे फार हळवं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन, थिनर, पेट्रोल ते थेट विरघळवतात. रॉकेल आणि खोबरेल-गोडेतेलाचे घरगुती उपायही सोडा. तेलाने अशा प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात.

मी स्वतः फसलो तो एका गोड वासाच्या द्रवाने. डिंक काढायची संत्र्याच्या वासाची बाटली होती, ‘नैसर्गिक’ असं लिहिलेली. डबीवर दोन थेंब टाकले, फोन वाजला म्हणून उठलो, पाचेक मिनिटांनी परत आलो. स्टिकर अलगद निघालं. त्याच्याखाली डबी दुधाळ झाली होती, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या होत्या, आणि जिथे अंगठा टेकवला तिथे अंगठ्याचा ठसा प्लास्टिकमध्येच कोरला गेला. संत्र्याच्या सालीतलं तेल पॉलिस्टायरिन विरघळवतं, हे नंतर वाचलं. ती डबी अजून ठेवली आहे, दुसऱ्यांना दाखवायला.

उघड्या डबीवरचं स्टिकर काढायचंच असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. कागद मऊ झाला की बोटाच्या पेराने गोळा करत काढा. राहिलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेल्या कानाच्या काडीने पुसा आणि लगेच कोरडा करा. आधी एखाद्या रिकाम्या डबीच्या कोपऱ्यावर हात बसवून घ्या.

स्टिकर बाहेरच्या प्लास्टिकवर असेल तर यातलं काहीच करू नका. अल्कोहोलने छपाईचा रंग निघून येऊ शकतो. आणि केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा? श्रिंक रॅप तुमच्या डोळ्यांसमोर सुरकुतून आक्रसेल.

उघडायचीच असेल तर

प्रत्येक कॅसेट सीलबंदच ठेवावी असं मी म्हणणार नाही. टेप वापरण्यासाठीच केलेली आहे. एकाच छापाच्या तीन असतील तर एक उघडा, दोन राहू द्या. एकच असेल तर दोन दिवस विचार करा आणि मग ठरवा.

फाडपट्टी ओढायची नाही. ती ओढली की वेष्टनाचे दोन तुकडे होतात. त्याऐवजी घडीच्या वेष्टनाचं एक टोक निवडा, शक्यतो ज्या बाजूला छपाई कमी आहे ते. घडीचा वरचा त्रिकोण फक्त दोन-तीन ठिकाणी गरम करून चिकटवलेला असतो. पातळ, बोथट पट्टी (मी जुन्या फोनकार्डाची कापून घेतली आहे) त्या त्रिकोणाखाली आडवी सरकवा. टक् असा बारीक आवाज येतो आणि जोड सुटतो. असं चारही पाकळ्यांचं करा. टोक उघडलं की डबी खेचू नका. कॅसेट उभी धरा, उघडं टोक खाली, आणि वेष्टन दोन बोटांत सैल धरून डबी स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्या. हाती येते ती अख्खी नळी, फाडपट्टीसकट.

श्रिंक रॅपच्या बाबतीत इतकं सुख नाही. नवं ब्लेड घ्या आणि शिवणीच्या अगदी शेजारून एकच सरळ काप द्या. ब्लेड जवळजवळ आडवं धरा, नाहीतर डबीवर चरा उठतो. सुटलेलं प्लास्टिक गुंडाळी व्हायला बघतं. त्याला मूळ आकारात ठेवायला आत डबीच्या मापाचा जाड, आम्लविरहित पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा.

आधीच फाटलेलं वेष्टन असेल तर सेलोटेप लावायची नाही. तिचा डिंक पिवळा होतो, ओघळतो, आणि पुन्हा काढताना छपाई घेऊन येतो. फाटकं तसंच पिशवीत ठेवा.

कार्ड, लेबलं, डबी

कार्ड जुन्याच घडीत डबीत राहू द्या. सपाट करायला गेलात तर घडीवरची शाई पापडासारखी सुटते. लॅमिनेशन अजिबात नको. आधीच्या मालकाने काही लिहिलं असेल तर खोडू नका. तुमच्या नोंदी वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलने.

लेबलांच्या कागदाकडे लोक बघतही नाहीत, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. जुना डिंक कडेने पाझरतो आणि लेबल कार्डाच्या छापील बाजूला चिकटून बसतं. कडा चिकट लागत असतील तर तो कागद डबीतून काढून स्वतंत्र पिशवीत ठेवा, वर स्टिकरमागे असतो तसा गुळगुळीत कागद टाकून.

डबी फुटली असेल तर साध्या मापाची दुसरी बसवता येते. मात्र मूळ डबीवर कंपनीचं नाव कोरलेलं असेल किंवा तिचा आकार वेगळा असेल तर तुकडेही जपा.

पिशवी आणि खोका

डबीसकट कॅसेट साधारण ११ सेंमी लांब, ७ सेंमी रुंद आणि पावणेदोन सेंमी जाड भरते. १० बाय १५ सेंमीची पिशवी व्यवस्थित होते. पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या, पीव्हीसीची नको. नव्या रेनकोटसारखा वास आला की परत ठेवा. तोंड हवाबंद करू नका, नुसतं दुमडा. आत अडकलेली ओल जास्त घातक ठरते.

खोक्यात कॅसेट्स पुस्तकांसारख्या उभ्या लावा, एक बोट जाईल इतकी जागा सोडून. एकावर एक रचल्या तर खालच्या श्रिंक रॅपवर वरच्यांचे ठसे उमटतात. रबरबँड नको, वर्तमानपत्र नको. आणि डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. कपड्यांसाठी ठीक, पण त्यांची वाफ पॉलिस्टायरिनला मऊ करते. डब्या चिकट होऊन एकमेकींना धरून बसतात. कसरीची भीती असेल तर खोका कोरडा आणि बंद ठेवणं हाच उपाय, कारण तिला ओल आणि कागदाची खळ आवडते.

जागा

१८ ते २० अंश तापमान आणि ३० ते ५० टक्के आर्द्रता मिळाली तर उत्तम. तेवढं जमत नसेल तर निदान चढउतार टाळा: माळा नको, बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून नको, स्वयंपाकघराशेजारी नको. घराच्या मधल्या खोलीतलं कपाटाची खालून दुसरी-तिसरी फळी चांगली. स्पीकरपासून दूर ठेवा, त्यातल्या चुंबकामुळे. वेष्टनाला त्याचं काही नाही, पण आतल्या टेपला आहे. खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवायची तर कॅसेटला न टेकवता, आणि रंग बदलला की बदलायची.

काचेच्या कपाटात मांडायचा मोह होतोच. उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो, म्हणून खिडकीतल्या जुन्या वेष्टनांना ती विचित्र निळसर छटा येते. मांडायचंच असेल तर कागदावर काढलेली रंगीत प्रत मांडा. फोटो काढून ठेवलेत ते त्यासाठीही.

सहा महिन्यांनी एकदा खोका उघडा आणि आधी वास घ्या. कुबट आला तर बुरशी शोधा. नाकाला झोंबणारा, आंबट आला तर बोट फिरवून चिकट झालेलं वेष्टन शोधा. बहुधा तेच पीव्हीसीचं असतं. ती एक कॅसेट उचलून वेगळ्या, तोंड उघड्या खोक्यात हलवा, म्हणजे तिची वाफ शेजारणींच्या कार्डांपर्यंत पोचणार नाही.