रंग मारण्याआधी पाटी वाचा: जुन्या लष्करी जनरेटरच्या दुरुस्तीचा अनुभव

जनरेटर घरी आणला त्या आठवड्यात मी सगळ्यात आधी केलेली गोष्ट म्हणजे वायर ब्रशने घासून त्याला हिरवा रंग फासला. पुढचा महिना त्याच रंगाखाली गेलेल्या पाट्या थिनरचे फडके लावून सोडवण्यात गेला. तेव्हा पहिला सल्ला हाच, की पाना हातात घेण्याआधी मशीनवरच्या प्रत्येक पाटीचा, कास्टिंगवरच्या प्रत्येक उठावदार आकड्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. या छंदात सुटे भाग आकड्यांवरूनच सापडतात.

माझा सेट अमेरिकन सैन्याचा, दीड किलोवॅटचा, पेट्रोलवर चालणारा. इंजिनावर लिहिलेले होते २ए०१६. मी ते कंपनीचे मॉडेल समजून कंपनीच्या नावाने शोधत बसलो आणि हाती काही लागले नाही. खरे तर त्या अक्षरांतच सगळे सांगितलेले असते: २ म्हणजे दोन सिलिंडर, ए म्हणजे हवेने थंड होणारे, ०१६ म्हणजे १६ घनइंच, आपल्या हिशेबात साधारण २६२ सीसी. याचा थोरला भाऊ ४ए०३२. अमेरिकन सैन्याने ही इंजिने स्वतःच्या नकाशाबरहुकूम वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेतली होती, भाग एकमेकांना बसले पाहिजेत या अटीवर. त्यामुळे पाटीवरच्या कंपनीचे नाव सोडून द्या. दुसऱ्याच कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचे हेड तुमच्या इंजिनाला चपखल बसू शकते.

आता स्टॉक नंबर. लष्करी मालाच्या प्रत्येक वस्तूला हा असतो आणि सगळी गंमत इथेच आहे. आजचा नंबर १३ आकडी आहे. पहिले चार आकडे वर्ग सांगतात: ६११५ म्हणजे जनरेटर, २८०५ पेट्रोल इंजिन, २९१० इंधनाचे भाग, २९२० इंजिनाचे विजेचे भाग, ३११० बेअरिंग, ५९७७ कार्बन ब्रश. पुढचे दोन देशाचे, म्हणजे ०० किंवा ०१ असेल तर अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी. माझ्या पाटीवर मात्र ११च आकडे होते. दोन आकडे पुसले गेले असणार असे समजून मी भिंगाने शोधत होतो! १९७४ पर्यंत अमेरिकन नंबर ११ आकडीच होता. नंतर जुन्या नंबरांत पहिल्या चारांपुढे ०० घातले गेले. एवढे कळल्यावर जुन्या पुस्तकातला कुठलाही नंबर आजच्या यादीत शोधता येतो.

पुस्तक म्हणजे टेक्निकल मॅन्युअल. अमेरिकन सैन्याची जुनी मॅन्युअले स्कॅन केलेली सहज मिळतात. नंबराच्या शेवटी १२ असेल तर ते चालवणाऱ्यासाठी आणि वरवरच्या देखभालीसाठी, ३४ असेल तर खोल दुरुस्तीसाठी, आणि शेवटी पी असेल तर सुट्या भागांची यादी. नवखा माणूस दुरुस्तीचे पुस्तक आधी उतरवतो. तुम्ही पीवाले आधी घ्या. त्यात प्रत्येक भाग सुटा काढून दाखवलेला असतो, आणि स्टॉक नंबराशेजारी मूळ कारखान्याचा पार्ट नंबर व त्या कारखान्याचा पाच अक्षरी कोडही असतो.

तो पार्ट नंबर हाती आला की ‘लष्करी’ या शब्दाची जादू बरीच उतरते. जनरेटर बनवणारा बेअरिंग, सील, कार्बोरेटर, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) स्वतः क्वचितच बनवतो. बेअरिंगवरचे ग्रीस पुसा, कडेवर नंबर दिसेल. तो ६२०५ असेल तर आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर, मग ते रणगाड्यातले असो नाहीतर पाण्याच्या पंपातले. ऑइल सीलही मापावर मिळते. पिस्टनच्या रिंगा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), जाडी आणि खोली या तीन मापांवर शोधायच्या. कार्बन ब्रश त्याच प्रतीच्या मोठ्या ब्रशमधून घासून बनवता येतो. फक्त बसवताना कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो त्या तांब्याच्या फिरत्या भागावर, बारीक काचकागद वापरा, एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात.

फोटोवर विश्वास ठेवून मी एकदाच खरेदी केली आणि तेवढी अद्दल पुरली. मॅग्नेटोची कॉइल हुबेहूब दिसत होती. आली तेव्हा भोकांचे अंतर तीन मिलिमीटरने वेगळे. विकणाऱ्याने परत घेतली नाही. आता मी नंबर, आणि नंबर नसेल तर कॅलिपर लावलेला फोटो मागतो.

‘न वापरलेला जुना माल’ याचेही एक तंत्र आहे. मेणकागदात गुंडाळलेले, घट्ट ग्रीसमध्ये बुडवलेले धातूचे भाग पन्नास वर्षांनीही कोरे निघतात. रबराचे तसे नाही. पाकिटावर ‘३क्यू६४’ असे काही दिसले तर ते रबर १९६४च्या तिसऱ्या तिमाहीत तयार झालेले आहे. डायफ्रॅम, ओ-रिंग, इंधनाची नळी ताजीच घ्या, आणि आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारी घ्या.

मला सगळ्यात जास्त छळले ते स्पार्क प्लगने. शेजारच्या वायरलेस सेटमध्ये खरखर होऊ नये म्हणून लष्करी इंजिनाची सगळी इग्निशन धातूच्या कवचात बंद असते. प्लगचेही डोके धातूच्या नळीत असते आणि वायर त्यावर आट्यांनी आवळली जाते. साधा प्लग सिलिंडरमध्ये बसला तरी ती वायर त्याला लागत नाही. मी कंटाळून कवच काढून साधी वायर टाकली. इंजिन उत्तम चालले, रेडिओ मात्र चक्कीसारखा घरघरू लागला. अखेर कवचाचे प्लग मिळाले आणि जुनी वायर परत चढवली. म्हणून सांगतो, नको वाटणारा एकही भाग फेकू नका.

विजेच्या बाजूला घाई करायची नाही. वाइंडिंगचे काम करणारे एक काका माझे गुरू. मी सेट सुरू करून व्होल्टेज बघायला निघालो तर म्हणाले, “अरे, आधी मेगर लाव. ओल असेल तर पहिल्या मिनिटाला वाइंडिंग जाईल आणि मग माझ्याकडेच येशील.” रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग), रेग्युलेटर आणि कंडेन्सर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध पाहिला. एक मेगओहमच्या खाली होता. दोन साधे दिवे आत ठेवून, वर झाकण टाकून चार दिवस मंद ऊब दिली आणि आकडा हळूहळू वर चढला. त्यानंतरही व्होल्टेज आले नाही, कारण वर्षानुवर्षे पडून राहिल्याने लोखंडातले उरलेसुरले चुंबकत्व गेले होते. फील्ड वाइंडिंगला, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीला, धन-ऋण नीट पाहून बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला तेव्हा मीटरचा काटा हलला. जुन्या सेटमध्ये सेलेनियमच्या चकत्यांचा रेक्टिफायर असेल तर तो बदलाच. जळला तर निघणारा धूर विषारी असतो. सेलेनियमच्या जागी सिलिकॉनचा डायोड घालाल तेव्हा ध्यानात ठेवा, त्यात व्होल्टेज कमी खर्च होते आणि पुढे जास्त पोचते, म्हणून सोबत मालिकेत रेझिस्टर लागू शकतो. सायलेन्सरभोवतीचे पांढरे कापड आणि जुने गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे समजून ओले करूनच काढा.

माझा सेट ६० हर्ट्झचा, दोन ध्रुवांचा, म्हणजे मिनिटाला ३६०० फेरे. फेरे ३००० वर आणून ५० हर्ट्झ करण्याचा मोह मलाही झाला होता. पण मग व्होल्टेजही उतरते आणि पंख्याचा वाराही, म्हणून तो नाद सोडला. गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) रिकाम्या सेटवर ६२ हर्ट्झच्या आसपास लावला, पूर्ण भारावर तो ६० वर येतो. भार म्हणून पाणी तापवायचे रॉड बादलीत सोडले. सेट उघड्यावर ठेवला होता, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. घराच्या वायरिंगला तो कधी जोडला नाही आणि चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय) जोडणारही नाही.

इंजिन किती तास चालले ते दाखवणारा तासमापक मात्र अजून बंद आहे. त्याच्या काट्यांवरचा पिवळट रंग रेडियमचा असण्याची शक्यता आहे. चमक केव्हाच गेली, तरी रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, म्हणून काच उघडलेली नाही. त्याचा स्टॉक नंबर ६६४५ पासून सुरू होतो. शोध चालू आहे.