मॅग्नोलिया: आधी मुळं सांभाळा

मॅग्नोलिया हे फुलझाड लावायचं असेल तर आधी जागा ठरवा, आणि ती कायमची ठरवा. याची मुळं जाड, मांसल असतात, वरच्या थरातच लांबवर पसरतात आणि चटकन तुटतात. तुटलेलं मूळ लवकर भरून येत नाही. ‘सध्या इथे लावू, पुढे हलवू’ हे या झाडाला अजिबात चालत नाही.

जागा लहान असेल तर मी डोळे झाकून स्टेलाटा ही जात सुचवेन; ती साधारण 3 मीटरपर्यंतच वाढते. उन्हाळा कडक असेल तर सदाहरित ग्रँडिफ्लोरा घ्या, पण त्याचा मोठा वृक्ष होतो हे विसरू नका. बियांपासून केलेलं रोप फुलायला कित्येक वर्षं घेतं, तेव्हा कलमच आणा. आपला सोनचाफाही याच गोतातला, त्यामुळे मुळांचं पथ्य त्यालाही लागू.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोल मात्र गोळ्याइतकाच. त्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर दुसरी जागा शोधा. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच ठेवा. खोड मातीत गाडू नका. माती हातानेच दाबा, पायाने तुडवू नका. किंचित आम्ल, 5.5 ते 6.5 सामूची (pH) माती याला मानवते. चुनखडीच्या मातीत पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

लावल्यावर 5 ते 8 सेंटीमीटर पालापाचोळा पसरा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. पहिले दोन उन्हाळे रोज वरवर शिंपडण्यापेक्षा माती तपासून सावकाश, भरपूर पाणी द्या. बुंध्याशी खुरपी चालवू नका, तण हाताने उपटा. फुलझाडांचे वाफेही तिथे नकोत.

छाटणीचं म्हणाल तर जितकी कमी तितकी बरी. पानगळीच्या जातींची एक फांदी हिवाळ्यात जवळून बघा. टोकाची फुगीर, मऊ लव असलेली कळी फुलाची. बारीक, चपटी असेल ती पानाची. पुढच्या बहराच्या या कळ्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, म्हणून हिवाळ्यात कात्री लावली की बहरच कापला जातो. वाळकी किंवा एकमेकींवर घासणारी फांदी फुलं संपल्यावर, पानं पुरती फुटली की काढा.

जिथे दहिवर गोठतं तिथे पूर्वेची उघडी जागा टाळा. गोठलेल्या कळीवर सकाळचं ऊन एकदम पडलं की पाकळ्या तपकिरी होतात. फांदीवर मुंग्यांची रांग आणि पानांवर काळी काजळी दिसली तर फांद्यांवर आणि पानांच्या मागे खवले कीड, म्हणजे खवल्यासारखे चिकटून बसलेले बारीक किडे, शोधा. थोडी असेल तर मऊ ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा, साल न दुखावता.