'गिफ्ट' या एका शब्दानं माझं एक सेमिस्टर खाल्लं

जर्मनची बी-२ पातळी झाली, आता भाषाशास्त्राकडे वळायचं, जमलं तर तिकडच्या एखाद्या विद्यापीठात मास्टर्स करायचं, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रवेश, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) यांची माहिती हवी तेवढी मिळते, ती मी पुन्हा देत नाही. शब्दांच्या इतिहासावर काम करताना पाय नेमका कुठे घसरतो, तेवढंच सांगायचंय. माझा घसरला तेव्हा आधी सावध करणारं कोणी नव्हतं, आणि ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पहिल्याच सेमिस्टरला व्युत्पत्तीचा सेमिनार होता. प्रत्येकानं एक शब्द घ्यायचा, त्यावर वीस मिनिटं बोलायचं आणि नंतर पंधरा पानांचा लेख द्यायचा. मी 'गिफ्ट' घेतला. रोमन लिपीत चारच अक्षरं. इंग्रजीत भेटवस्तू, जर्मनमध्ये विष, डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये विषही आणि 'विवाहित'सुद्धा. इतका छोटा शब्द, इतके चटकदार अर्थ, दोन रात्रींत काम होईल असा माझा हिशेब.

मी बोलले ते असं: पूर्वी शत्रूला भेट म्हणून विष पाठवायची रीत होती, म्हणून भेटीचा शब्दच विषाला चिकटला. पुराव्यादाखल शत्रूला भेट म्हणून दिलेला ग्रीकांचा लाकडी घोडा आणला, आपली विषकन्या आणली. वर्ग रंगून ऐकत होता. मग प्राध्यापिकाबाईंनी तीन प्रश्न विचारले. 'विष' हा अर्थ सर्वांत आधी कोणत्या काळातल्या लेखनात सापडतो? त्या लेखनात शब्दाचं लिंग कोणतं आहे? आणि तो मजकूर लिहिणारा माणूस कोणत्या भाषेतून भाषांतर करत होता?

एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. लेखाला ३.७ मिळाले. तिकडे आकडा जितका लहान तितके गुण चांगले, आणि ४.० म्हणजे कसाबसा पास. मी त्याच्या किंचित वर. बाई म्हणाल्या, हवं तर पुढच्या सेमिस्टरला पुन्हा लिहा. मी पुन्हा लिहिला.

आता तो सापळा नीट समजून घ्या, कारण यात हुशार मुलंच जास्त अडकतात. एका शब्दाचे दोन अर्थ समोर आले की आपलं डोकं लगेच त्यांच्यामध्ये गोष्ट रचतं. गोष्ट जितकी सुंदर तितकी ती खरी वाटते. आपण मराठी माणसं तर पुराणं, आख्यानं, गावांच्या नावांच्या दंतकथा ऐकत वाढलेलो, गोष्ट जुळवणं आपल्याला सहज जमतं. पण शब्दाला आपली गोष्ट ठाऊक नसते. तो कोणत्या काळी, कोणाच्या हातून, कोणत्या कामासाठी वापरला गेला, एवढाच त्याचा इतिहास.

'गिफ्ट'चा इतिहास असा. जर्मनमध्ये 'गेबेन' म्हणजे देणं. 'श्रायबेन'वरून (लिहिणं) 'श्रिफ्ट' होतं, 'ट्रायबेन'वरून (हाकणं) 'ट्रिफ्ट' होतं, तसं 'गेबेन'वरून 'गिफ्ट'. 'ट'च्या आधी आला की 'ब'चा 'फ' होतो, बाकी काही गूढ नाही. मूळ अर्थ फक्त 'देणं' किंवा 'दिलेलं ते'. यात भेट नाही आणि विषही नाही.

दुसरीकडे ग्रीकमध्ये 'डिडोनाय' म्हणजे देणं आणि त्यावरून 'डोसिस', म्हणजे पुन्हा 'देणं'च. ग्रीक वैद्य हा शब्द एका वेळी द्यायच्या औषधासाठी वापरू लागले. लॅटिन वैद्यकानं तो जसाच्या तसा उचलला. आजचा 'डोस' तोच. जर्मन भाषेच्या अगदी जुन्या टप्प्यात, म्हणजे साधारण ७५० ते १०५० या काळात, लॅटिन जाणणाऱ्या मंडळींनी 'डोसिस'ला आपल्या बोलीतला प्रतिशब्द दिला: देण्याला देणं, 'डोसिस'ला 'गिफ्ट'. वैद्यानं दिलेली मात्रा. जीव घेणारी मात्राही 'दिली'च जाते, आणि विषाचं नाव थेट घेण्यापेक्षा 'दिलेलं' म्हणणं जिभेला सोपं. असा तो अर्थ विषावर येऊन बसला.

म्हणजे 'भेट' आणि 'विष' या मायलेकी नव्हेत, बहिणी आहेत. भेटीतून विष निघालं नाही. दोन्ही 'देण्या'तून निघाल्या, एक घरात राहिली आणि एक वैद्याच्या हाताखाली गेली. हे वाक्य मला सहा महिने आधी कुणी सांगितलं असतं तर! म्हणून तुम्हाला बजावून सांगते: दोन अर्थ दिसले की आधी तिसरा शोधा, त्या दोघांच्याही मागे उभा असलेला. तो सापडेपर्यंत 'म्हणून' हा शब्द लेखात लिहू नका.

१५३८ साली पॅरासेल्सस या वैद्यानं लिहिलेलं एक वाक्य औषधशास्त्राची मुलं पहिल्याच वर्षी ऐकतात: सगळ्याच गोष्टी विष आहेत, विषाशिवाय काहीच नाही, एखादी गोष्ट विष ठरू नये हे केवळ मात्रेवर अवलंबून असतं. मूळ जर्मन वाक्यात विषाला 'गिफ्ट' आणि मात्रेला 'डोसिस' असे शब्द आहेत. एकाच वाक्यात दोन भाषांतलं 'देणं' समोरासमोर उभं आहे. दुसऱ्या खेपेला मी लेखाची सुरुवात इथूनच केली.

लिंगाचा प्रश्नही साधा नव्हता. भेटीच्या अर्थानं 'गिफ्ट' स्त्रीलिंगी होता, विषाच्या अर्थानं आज तो नपुंसकलिंगी आहे. स्त्रीलिंगी रूप आजच्या जर्मनमध्ये 'मिटगिफ्ट'मध्ये उरलंय, म्हणजे मुलीसोबत दिलेलं, हुंडा. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या बोलण्यात पुल्लिंगी 'गिफ्ट'ही भेटतो, त्याचा अर्थ राग. जुना मजकूर वाचताना शब्दाआधीचं उपपद न बघता अर्थ लावलात तर भेटीचं विष व्हायला वेळ लागत नाही. इथे एक दिलासा मात्र आहे. तीन लिंगं इंग्रजीतून शिकणाऱ्याला जाचतात, आपल्याला नाही. तो दगड, ती वाट, ते झाड हे आपण बोबडं बोलतानाच शिकलो. ही शिदोरी वापरा.

माझ्या पहिल्या लेखात आणखी एक चूक होती, ती सांगायला आजही जड जातं. 'ग्रिम बंधू म्हणतात' असं लिहून मी त्यांच्या जर्मन भाषेच्या महाकोशातली 'गिफ्ट'ची नोंद उतरवली होती. बाईंनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. कोशाचा पहिला खंड १८५४चा. विल्हेल्म १८५९ला गेले. याकोब १८६३ला गेले तेव्हा काम 'फ्रुख्ट' म्हणजे 'फळ' या शब्दापर्यंत आलं होतं. 'ग' अक्षर दोघांनीही पाहिलं नाही, पुढच्या पिढ्यांनी तो कोश १९६१ पर्यंत नेला. नोंद कोणी आणि केव्हा लिहिली हे बघायचा कंटाळा करू नका. या विषयात तो कंटाळा लपत नाही.

आता 'विवाहित'. स्वीडिशमध्ये 'यिफ्ट' असा उच्चार होतो, विषाचाही आणि विवाहिताचाही. डॅनिशमध्ये 'ग' कणखर राहतो. मी आधी लिहिलं होतं की स्वीडिश माणसांनी जर्मन शब्दाला लग्नाचा अर्थ जोडला. साफ चूक. लग्नाचा अर्थ तिकडचा स्वतःचा, देण्याच्या क्रियापदावरून आलेला. विषाचा अर्थ उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या भाषेतून समुद्रापलीकडे गेला. शब्द एकच दिसतो, वाटा दोन.

पण लग्नाचा आणि देण्याचा संबंध काय, हे मला कोशातून कळलंच नाही. स्वीडनच्या जुन्या कायद्यात 'यिफ्टोमान' नावाचा अधिकारी पुरुष असतो, मुलीला लग्नात देण्याचा हक्क असलेला, बहुतेक वेळा बाप. १७३४च्या कायद्यात विवाहाचा भाग 'यिफ्टरमोल' या नावानं स्वतंत्र आहे. ही माहिती माझ्या वहीत दोन आठवडे तशीच पडून होती. एका रविवारी आजीशी फोनवर बोलत होते. मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आजी म्हणाली, "अगं, मिरजेला दिली तिला." मी फोन तसाच धरून बसले. दिली! कन्यादान म्हणतो आपण, मुलगी कुठे दिली विचारतो, आणि मी स्वीडनच्या कायद्यात डोकं खुपसून बसले होते. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे: युरोपीय भाषा शिकणाऱ्यानं मराठी सोडली की त्याचा एक डोळा गेला.

याच मताची दुसरी बाजूही तितक्याच कडकपणे सांगते. सगळं संस्कृतमधून निघालं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्या पायावर डोकं ठेवा, पण लेखात त्यांना आणू नका. खरी नाती आहेतच. ग्रीक 'डोसिस' आणि आपलं 'दान' एकाच धातूचे. लॅटिन 'विरुस' म्हणजे विषारी द्राव, तो आणि आपला 'विष' हे सख्खे. फ्रेंच 'प्वाझों' लॅटिन 'पोतियो'वरून, म्हणजे पेय, आणि त्याच्या मुळाशी आपला 'पा', पिणं. विषाला फ्रेंचांनी 'प्यायचं ते' म्हटलं, जर्मनांनी 'दिलेलं ते'. पण ही भावंडं आहेत, संस्कृतची लेकरं नव्हेत, आणि नातं ठरतं ते ध्वनींच्या नियमानं, चेहऱ्यावरून नाही.

चेहऱ्यावरून ठरवलं की काय होतं, त्याचा नमुना. जर्मन 'हाबेन' आणि लॅटिन 'हाबेरे'. दोन्हींचा अर्थ 'जवळ असणं'. जुळे वाटतात ना? दुसऱ्या लेखातही मी तसंच लिहून बसले होते, देण्याच्या आदल्या रात्री खोडलं. याकोब ग्रिमनं १८२२ साली मांडलेला नियम लावून बघा. लॅटिनमध्ये 'क' असेल तिथे जर्मनमध्ये 'ह' येतो: 'कोर्नु' आणि 'होर्न' म्हणजे शिंग, 'केन्तुम' आणि 'हुंडर्ट' म्हणजे शंभर. लॅटिनमध्ये 'ह' असेल तिथे जर्मनमध्ये 'ग' येतो: 'होर्तुस' आणि 'गार्टेन' म्हणजे बाग, 'होस्तिस' आणि 'गास्ट', म्हणजे परका आणि पाहुणा. मग 'हाबेन'चं लॅटिन भावंड 'कापेरे', पकडणं. आणि 'हाबेरे'चं जर्मन भावंड? बहुतेक कोशकार 'गेबेन'कडे बोट दाखवतात. म्हणजे आपला 'गिफ्ट'च. जुन्या आयरिशमध्ये त्याच मुळाचा 'गाविद' आहे आणि त्याचा अर्थ 'घेतो'. देणं, घेणं, जवळ असणं, एकाच हाताच्या तीन हालचाली.

शॉर्टकटांबद्दल माझी मतं कडवट आहेत, ती ऐकून सोडून दिलीत तरी चालेल. एका मिनिटात शब्दाचा जन्म सांगणारे व्हिडिओ बघू नका. विषारी भेटीची गोष्ट मी तिथूनच उचलली होती. तयार नोट्स देणारे सीनियर प्रेमानं देतात, पण त्यांच्या चुकाही त्यात फुकट येतात. आणि मार्गदर्शक निवडताना कौतुक करणारा निवडू नका. माझ्या बाईंनी वर्षभरात एकदाही 'छान' म्हटलं नाही, पण त्यांचे ते तीन प्रश्न मी आजही प्रत्येक शब्दाला विचारते.

पोटापाण्याचं विचाराल तर मी आता रसायनांच्या सुरक्षापत्रकांचा जर्मनमधून मराठी आणि इंग्रजीत अनुवाद करते. तिथेही हाच शब्द रोज समोर येतो. एच ३०१ या सांकेतिक क्रमांकापुढे 'गिफ्टिग', म्हणजे गिळल्यास विषारी. एच ३०२ पुढे 'गेझुंडहाइट्सशेडलिश', गिळल्यास आरोग्यास अपायकारक. नवीन अनुवादक दोन्हींना 'विषारी' लिहून मोकळे होतात. पिंपावरचं ते लेबल वाचून कामगार हातमोजे घालायचे की नाही ते ठरवतो. इथे चुकलात तर गुण जात नाहीत, माणूस जातो.

घाबरवायचा हेतू नाही. मला ते जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल, फक्त वेळ द्या. ग्रिमचा कोश घरबसल्या फुकट बघता येतो. स्वीडिश अकादमीचा कोश १८९३पासून छापत छापत २०२३ला पुरा झाला, तोही फुकट आहे. डच कोशही आहेत. डचमध्ये 'गिफ्ट' म्हणजे देणगी, करातून सूट मिळते ती, आणि विषाला ते 'गिफ' म्हणतात, शेवटचा 'ट' गाळून.

तुम्हीही 'गिफ्ट'च घेणार असाल तर आइसलँडपासून सुरुवात करा. तिथे विषाला 'एइतुर' हा वेगळा जुना शब्द टिकून आहे, 'गिफ्टुर' म्हणजे विवाहित आणि 'गिफ्टा' म्हणजे नशीब, चांगलं नशीब. लॅटिन वैद्यकाचा तो डोस तिथल्या 'गिफ्ट'पर्यंत पोचलाच नाही. वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा: साल, लिंग, कोणत्या भाषेतून. चौथा रकाना अर्थाचा, तो शेवटी भरा.