हिवाळ्यात शेतावर रात्र काढायची तर

डिसेंबर लागला का पोट्ट्यांचे फोन सुरू होतात, भाऊ शेतावर मुक्काम करू, हुरडा भाजू, तारे पाहू. या ना बापा, कोण नाही म्हणतं, पण आपल्या इकडं विदर्भात दुपारी २८ डिग्री असते अन् पहाटे कधी १० च्याही खाली जाते, तुम्ही उन्हाकडं पाहून टीशर्टवर येता अन् रात्री माझीच दुलई पळवता.

पहिले झोपायची जागा पहा. ओलिताच्या हरभऱ्याजवळ अन् नाल्याच्या काठाला तर मुळीच नको. थंड हवा जड असते, ती खोलगटात येऊन बसते, त्यात शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रीची म्हणून पाण्याची मोटर चालू अन् वावर ओलं. मागच्या साली मीच शहाणपणा केला, नाल्याजवळ मस्त सपाट जागा दिसली म्हणून तिथंच अंथरलं, पहाटे चादर अक्षरशः पिळली. जरा उंचावर, झाडाखाली झोपा, तिथं दव कमी पडते.

अंगावर काय घेता त्याच्या आधी अंगाखाली काय आहे ते पहा, अर्धी थंडी जमिनीतून चढते. ताडपत्री, त्यावर तणस (धानाचा वाळला पेंढा) नाहीतर रिकामी पोती, मग सतरंजी. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, मऊ दिसते पण त्यात लोळू नका, रात्रभर खाजवत बसाल. अन् दिवसभर घामेजलेली बनियन, मोजे झोपायच्या आधी बदला, हे कोणीच करत नाही अन् मग दोन वाजता कुडकुडत उठतात. कानटोपी लागतेच.

शेकोटीला पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) भसकन पेटते अन् तशीच विझते, म्हणून तिनं पेटवा अन् वरून बाभळीचं लाकूड लावा. गंजीपासून लांब, वारा पाहून. निखारे घमेल्यात घेऊन शेतातल्या झोपडीत किंवा तंबूत दार लावून झोपायचं नाही, त्या धुराविना गॅसनं माणूस झोपेतच जातो. जंगलाच्या हद्दीत तर काडीसुद्धा ओढू नका.

रात्री बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, हिंडायची हौस असते सगळ्यांना. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय नको. रोही (नीलगाय), डुकरांसाठी कुंपणाच्या तारेला झटका देणारी मशीन असते, अन् कोणी कोणी तर सरळ मेन लाइनचा करंट तारेत सोडतात, गुन्हा आहे तो, त्यात माणसंही मेलीत.

ताऱ्यांसाठी १३-१४ डिसेंबरची रात्र धरा, मिथुन राशीतून उल्का पडतात, चंद्र नसला तर मजाच. दहानंतर बसा अन् अर्धा तास मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आपलं नागपूरजवळचं पेंचचं वाघाचं जंगल २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे पाहाले अंधार जपलेली जागा, झालं, पण खरं सांगू, गावातली लाइन गेली का माझं वावर काही कमी नाही.

हुरड्याचं म्हणाल तर आता ज्वारी पेरते कोण, सगळं सोयाबीन अन् कपाशी. तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडा, पोट भरते. सकाळी हरभरा उपटायला जाल तर दव असताना उघड्या पायानं शिरू नका, पानांवर आंब, म्हणजे आंबट खार, असते, पोटऱ्या चुरचुरतात, बूट पांढरे पडतात. जीभ लावून पहा एकदा, आंबटढाण लागते. मग हात धुवा, तसाच डोळ्याला लावला तर परत येताना गाडी मलाच चालवावी लागते.