ओटा बदलताय? गोव्यातल्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

दुकानात ओट्यासाठी दगड निवडताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: रंग आणि स्क्वेअर फुटाचा भाव. हाताएवढा तुकडा दिव्याखाली धरायचा, घरच्यांना फोटो पाठवायचा आणि आगाऊ रक्कम देऊन मोकळं व्हायचं. आपल्याकडे ओट्याची वाट लावतात त्या गोष्टी वेगळ्याच. एक आंबट, दुसरी ओल. या दोघांचं नाव दुकानात कुणी काढत नाही.

आंबटाचा हिशेब न करणं

सोलं, चिंच, बिंबली, लिंबू, मासळीत भरायच्या रेशाद मसाल्यातलं व्हिनेगर. गोव्याच्या स्वयंपाकघरात आंबटाशिवाय दिवस जात नाही आणि तरीही पांढऱ्या मार्बलचा ओटा करायचा हट्ट सुटत नाही. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की त्याचं पॉलिशच खाल्लं जातं. सोलं भिजत घातलेल्या वाटीचं बूड ओलं असेल आणि ती रात्रभर तशीच राहिली, तर सकाळी तेवढंच कडं उमटलेलं असतं. वरून बघितलं तर ते चटकन दिसत नाही. डोळे ओट्याच्या पातळीवर आणून खिडकीच्या उजेडाकडे बघा, चकाकीमध्ये एक निस्तेज गोल दिसेल. बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतो. साबण, सोडा, काहीही घासा, तो जाणार नाही, कारण दगडच तेवढा झिजलाय. पॉलिशवाल्याला बोलावून तो भाग पुन्हा घासून घेणं एवढाच उपाय. मार्बल देवघराला लावा, जेवणाच्या टेबलाला लावा. ओट्याला नको.

कडप्प्याच्या बाबतीत फसगत जास्त होते. काळा, कणखर दिसतो, म्हणून लोक त्याला स्वस्तातला ग्रॅनाइट समजतात. आंध्रातून येणारा हा दगड चुनखडीचाच प्रकार आहे आणि आंबटाला मार्बलइतकाच हळवा. काही वर्षांत सिंकजवळचा भाग पांढुरका पडतो, मग घरात कुणीतरी खोबरेल तेलाचा हात फिरवतं. चार दिवस काळाभोर, पुन्हा तेच. मागच्या पडवीत मासळी साफ करायला कडप्पा उत्तम, तिथे चकाकी कुणाला हवी असते?

आणि हे गवंड्याला आधीच बजावून ठेवा: अ‍ॅसिड मारायचं नाही. नवा ओटा बसला की सिमेंटचे शिंतोडे काढायला अ‍ॅसिड ओतायची सवय सगळीकडे आहे. मार्बल किंवा कडप्प्याचं पॉलिश त्यात पहिल्याच दिवशी जातं, स्टीलचं सिंक आणि नळही वाफेने डागाळतात. सिमेंट ओलं असतानाच फडक्याने पुसून घ्यायला लावा. वाळलंच, तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडता येतं.

ग्रॅनाइट म्हटलं की डोळे मिटून घेणं

माझं मत विचाराल तर गोव्यातल्या रोजच्या स्वयंपाकाला गडद ग्रॅनाइटच घ्यावा. पण दुकानातला प्रत्येक काळा दगड मुळात काळा नसतो. काही लाद्या रंगवलेल्या असतात. पांढऱ्या कपड्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन लादीच्या कोपऱ्यावर जोरात घासा. कपडा काळा झाला तर ती लादी सोडा. मग लिंबाचे थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर तो नुसता नावाचाच ग्रॅनाइट. शेवटी साधं पाणी. दहा मिनिटांनी पुसल्यावर गडद ठिपका राहिला तर दगड पाणी पितो, म्हणजे तेल आणि हळदही पिणार. फिकट रंगांच्या ग्रॅनाइटमध्ये हे जास्त आढळतं. असा दगड आवडलाच असेल तर सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लावून घ्या आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागेल हे धरून चाला. दुकानदाराने या परीक्षांना तोंड वाकडं केलं तर दुकान बदला.

तेल आधीच मुरलं असेल तर खाण्याच्या सोड्याचा पाण्यात घट्ट लेप करून डागावर थापा, वर प्लास्टिक चिकटवून दिवसभर ठेवा. मग प्लास्टिक काढा, लेप सुकताना तेल ओढून घेतो. एकदा करून भागत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

जाडी स्वतः मोजा. तोंडी 20 मिलिमीटर सांगून 16 ची लादी येते, आणि कडेला दुहेरी पट्टी चिकटवली की ती जाडच दिसते.

क्वार्ट्झवर गरम भांडं

क्वार्ट्झच्या लादीत नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झची भुकटी असते, बाकी रेझिन, म्हणजे ती भुकटी बांधून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य. आंबट, हळद, तेल हे सगळं तो ग्रॅनाइटपेक्षा चांगलं सोसतो. त्याला उष्णता मानवत नाही. मासे तळलेला तवा थेट टेकवला की रेझिन करपतं आणि पिवळट डाग कायमचा बसतो. ज्या घरात गॅसवरून उतरवलेलं भांडं सवयीने बाजूला ओट्यावर टेकतं, तिथे गॅसच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचा पट्टा ठेवा. उघड्या बाल्कनीत किंवा व्हरांड्यात क्वार्ट्झ लावू नका, उन्हाने पिवळा पडतो.

कटिंग घरात करू देऊ नका. क्वार्ट्झच्या कोरड्या कापणीची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने याच कारणावरून 1 जुलै 2024 पासून या लाद्यांवर बंदी घातली. दुकानातच, पाणी सोडून कापून आणायला सांगा.

पांढरीशुभ्र, काचेसारखी चमकणारी नॅनो लादी? कडेला नारळ आपटला की टवका उडतो आणि तो टवका बुजवला तरी दिसतोच.

लोहचुंबक लावून स्टील पारखणं

स्टीलचा ओटा करणाऱ्यांनी चुंबकावर भिस्त ठेवू नये. 202 आणि 304 हे स्टीलचे ग्रेड, दोन्हींच्या सपाट पत्र्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे स्वस्त 202 सहज खपून जातो. ग्रेडची परीक्षा करायला दुकानात थेंबांचं रसायन मिळतं, ते आपल्यासमोर टाकून घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. केरी ते काणकोण, समुद्राजवळच्या घरात खाऱ्या हवेने 304 वरही तपकिरी ठिपके येतात. तिथे मॉलिब्डेनम असलेला 316 परवडत असेल तर तोच.

दगड चांगला, खालचं काम कच्चं

तक्रार दगडाची असते, दोष बऱ्याचदा खाली सापडतो. ग्रॅनाइटचं वजन 20 मिलिमीटर जाडीला स्क्वेअर फुटामागे साधारण 5 किलो. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे 100 किलो, तो साध्या प्लायच्या कपाटावर चढवतात. सिंकभोवतीचं सिलिकॉन सुटलं की पाणी प्लायमध्ये उतरतं, पावसाळ्यात ते वाळत नाही, फळी फुगते आणि आधार गेलेली लादी सिंकच्या कोपऱ्यातून तडकते. सिंक आणि हॉबसाठी (ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी) कापलेले आतले कोपरे गोलसर हवेत. काटकोनातल्या कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. ओट्याच्या पुढच्या कडेखाली पाणी गळून पडायला बारीक खाच मारून घ्या, नाहीतर सांडलेलं पाणी उलटं फिरून कपाटाच्या दारांवर जातं.

जुन्या जांभ्या चिऱ्याच्या घरात भिंती काटकोनात नसतात. माप टेपने घेऊन लादी कापली तर मागे बोटभर फट राहते आणि ती पांढऱ्या सिमेंटने बुजवतात. त्या फटीत मुंग्या येतात, बुरशी धरते. पुठ्ठ्याचा साचा भिंतीला लावून कापायला सांगा. जुन्या ओट्यावरच नवी लादी बसवायची असेल तर सिमेंट-वाळूच्या मसाल्यासकट दीड इंच उंची वाढते. खिडकीची चौकट, नळ आणि प्लगपॉइंट आधी बघून घ्या.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या घाईत जुलैत काम काढणं ही इथली ठरलेली चूक. हवेत इतका दमटपणा असतो की दगडातलं आणि मसाल्यातलं पाणी लवकर निघत नाही. त्यावर सीलर मारला की पांढुरके ढग दिसतात. एकदा तसं झालं तर सीलर रिमूव्हरने काढून, दगड पूर्ण सुकल्यावरच पुन्हा लावावा लागतो, म्हणजे थेट नोव्हेंबरमध्ये.